घोगरा आवाज आणि वर्गशिक्षक
(केंद्र संमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आज अध्यापनपद्धतीविषयी न बोलता मुलांच्या आवाजाविषयी चार शब्द बोलावेत असे मी योजिले आहे. आपण रोज हजेरी घेता. एकेक नाव उच्चारता व एकेक 'हजर' ऐकता. इतक्या मुलांचा आवाज दररोज ऐकण्याची संधी आपणांखेरीज दुसऱ्या कोणालाही, डॉक्टरांनाही, मिळत नाही.

या संधीचे मोल मला एका मुलीमुळे कळले. मी नवखा शिक्षक असताना ती पहिलीत आली, तेव्हापासूनच तिचा आवाज घोगरा होता. मोठ्याने वाच म्हटले की नुसती हवा बाहेर पडे. हा हट्ट आहे असे समजून मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. घरच्यांना त्या आवाजाची सवय झाली होती. रात्री धाप लागे, ती दम्याची समजून औषध चालू होते. पावसाळ्यात एके दिवशी तिचा श्वास कोंडला. मोठ्या रुग्णालयात गळ्याला छिद्र पाडून नळी बसविली, तेव्हा ती वाचली. तिच्या स्वरयंत्रात मसांचे घोसच्या घोस वाढले होते. ती शिक्षा आठवली की आजही मला लाज वाटते.

या विकारास 'रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस', म्हणजे श्वसनमार्गातील पुनःपुन्हा उद्भवणारे मस, असे म्हणतात. तो विरळा आहे. परंतु ओळखण्यास उशीर झाला तर जिवावर बेततो. त्याचे कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे ६ व ११ हे प्रकार होत. बहुधा प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळास त्यांचा संसर्ग होतो. मात्र आईस दोष देऊ नये. असा विषाणू असलेल्या बहुसंख्य मातांची मुले निरोगीच असतात. शेजारी बसल्याने किंवा एकत्र जेवल्याने हा विकार इतर मुलांना होत नाही.

लक्षणे बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतात. प्रथम आवाज बसतो, मग श्वास घेताना घरघर होते. मस कर्करोगाचे नसतात. पण मुलांची श्वासनलिका अरुंद असल्याने थोडी वाढही वाट अडविते. भूल देऊन लेसरने अथवा सूक्ष्म यंत्राने ते काढतात. तथापि विषाणू आसपासच्या पेशींत राहत असल्याने मस पुन्हा येतात. काही मुलांवर एकाच वर्षात अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. काहींचा त्रास मोठेपणी आपोआप थांबतो.

आशेची गोष्टही सांगितली पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील चतुर्विध लस या दोन प्रकारांविरुद्धही संरक्षण देते. ऑस्ट्रेलियात २००७ साली मुलींना ती देण्यास प्रारंभ झाला व पुढील वर्षांत तेथे या विकाराचे नवे बालरुग्ण फार कमी झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या अशाच लशीस २०२२ साली आपल्या देशात परवानगी मिळाली. पालकसभेत हा विषय निघाल्यास एवढी माहिती अवश्य द्यावी.

आता आपले कर्तव्य. घोगऱ्या आवाजाच्या बहुतेक मुलांना हा विकार नसतो. पुष्कळांचा आवाज आरडाओरड्याने बसलेला असतो. परंतु हा भेद बाहेरून कळत नाही. दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिल्यावरच कळतो. म्हणून –

१. आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिल्यास पालकांस बोलावून मुलास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले म्हणजे असे मूल आवर्जून दाखवावे.

२. श्वास घेताना आवाज होत असेल, गळ्याखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

३. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या मुलास बुडालेला अभ्यास करून द्यावा. मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये. पाटीवर लिहिलेले उत्तर ग्राह्य मानावे. कोणी त्याची नक्कल करू लागल्यास ती तेथेच थांबवावी.

ती मुलगी गळ्यात नळी घेऊन शाळेत परत आली. हजेरीत तिचे नाव घेतले की ती हात वर करी आणि मी मान वर करून तिच्याकडे पाहत असे. उद्या हजेरी घेताना आपणही क्षणभर मान वर करावी व प्रत्येक 'हजर' कान देऊन ऐकावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.