वर्गांतील वीर



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मुलांच्या शिक्षणाविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, ती आम्ही आनंदानें शिरोधार्य मानितों. वर्गास चांगलें वळण लागावें म्हणून मुलांपुढें वीरांचीं चरित्रें ठेवावीं, असें आम्ही शिक्षक नेहमीं म्हणतों. विचार उत्तम आहे. परंतु वीर कोणास म्हणावें, येथेंच खरी मेख आहे.

भिंतीवर वीरांचीं चित्रें लावावयाचीं आणि पहिल्या क्रमांकाच्या मुलास ‘वर्गाचा वीर’ म्हणून मिरवावयाचें, असें आम्हींही केलें आहे. त्याचें फळ काय? एकाचा अभिमान वाढला व बाकीच्यांचें मन खट्टू झालें. आपल्या परभणी जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस परमुलुखीं जातात. त्यांचीं मुलें उन्हाळ्याच्या तोंडीं परततात, तेव्हां धडे पुढें गेलेले असतात आणि तीं शेवटच्या बाकावर मान खालीं घालून बसतात. ज्या वीरपूजेनें ती मान आणखी खालीं जाते, ती काय कामाची?

थोरांकडे नीट पाहिलें तर निराळेंच दिसतें. आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. ती पंढरपुरीं नामदेवांच्या घरीं दासी होती, असें परंपरा सांगते. दळणकांडण करणाऱ्या त्या बाईचे अभंग सुमारें सातशें वर्षें लोकांच्या ओठीं आहेत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर हुतात्मा झाले. पण त्यापूर्वीं ते साधे फ्रान्सिस्कन बंधु होते व धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून राबत होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. छात्रालयांत ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत. रागावण्यानें जें होत नाहीं, तें त्या केरसुणीनें होई. या तिघांचेंही मोठेपण दुसऱ्याच्या सेवेंतून उगवलें.

म्हणून आमची विनंती अशी. शनिवारीं शेवटच्या तासास प्रत्येक मुलानें आठवड्यांत दुसऱ्याचें जें सत्कृत्य डोळ्यांनीं पाहिलें, तें सांगावें. स्वतःचें सांगूं नये. कोणीं पडलेल्यास उठविलें, कोणीं आपली चूक कबूल केली, कोणीं चिडविणाऱ्यास थांबविलें, तें एका वहींत लिहावें. त्यास गुण नकोत, बक्षीस नको. ऊसतोडीहून आलेल्या मुलीस विचारावें, म्हणजे कोपीवर कोणीं कोणाच्या धाकट्या भावंडास सांभाळलें, तें ती सांगेल. मग वर्गास कळेल कीं, शेवटच्या बाकावरही वीर बसतात.

महिन्याअखेर शिक्षकानें ती वही चाळावी. ज्या मुलाचें नांव एकदांही आलें नसेल, त्याच्या ठायीं चांगुलपणा नाहीं असें मानूं नये. आपली दृष्टि तेथवर पोहोंचली नाहीं असें समजावें आणि दुसऱ्या दिवशीं प्रथम त्याच्याजवळ जावें.

ज्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या लेकरांस वीराची याहून निराळी ओळख कशास हवी? पालकहो, अशी एक वही आपल्या घरींही असूं द्या, एवढीच आमची प्रार्थना आहे.