क्षेपणभूमीच्या कुंपणापलीकडचा वायू

ज्या १९२७ साली माहीम पार्कचे नाव बदलून शिवाजी पार्क झाले, त्याच साली देवनारची क्षेपणभूमी सुरू झाली आणि त्यानंतरच्या शतकभरात मुंबईच्या जुन्या वस्त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकलेले बरेच काही ठाणे खाडीच्या काठी साचत गेले. त्यामुळे शिवाजी पार्कच्या परिसरात भरलेल्या या परिषदेने त्या ढिगाऱ्यांखालच्या वायूची दखल घेणे हे तिचे कर्तव्यच ठरते.

ओला कचरा प्राणवायूविना कुजू लागला की त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू जवळपास सारख्या प्रमाणात निर्माण होतात व त्यांत हायड्रोजन सल्फाइडचा अंश मिसळतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडल्यास स्फोट होतो; यांतील ५ टक्क्यांना किमान स्फोटमर्यादा म्हणतात. हा वायू जमिनीखालून दोन प्रकारे सरकतो: दाट जागेकडून विरळ जागेकडे संथपणे पसरत जाणे, म्हणजे विसरण, आणि दाबातील फरकामुळे वाहणे, जे कितीतरी वेगवान असते. पावसाळ्यात वरची माती चिंब भिजून तिची छिद्रे पाण्याने भरली की वायूची वर निघण्याची वाट बंद होते आणि तो मुरमातून, खडकांच्या भेगांतून, जुन्या गटारांच्या व केबलच्या चरांतून आडवा शेजारच्या इमारतींकडे वळतो.

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या लॉस्को गावी २४ मार्च १९८६ रोजी नेमके हेच घडले. क्षेपणभूमी १९८२ मध्येच बंद झाली होती. परंतु त्या रात्री वातावरणाचा दाब सात तासांत २९ मिलिबारने घसरला, जमिनीतला वायू बाहेर खेचला गेला, एका बंगल्याच्या फरशीखाली साठला आणि पहाटे घर उद्ध्वस्त होऊन आतील तिघे जबर जखमी झाले. मुंबईत असा स्फोट झालेला नाही, मात्र मालाडच्या चिंचोली बंदर येथील बंद क्षेपणभूमीलगत उभ्या राहिलेल्या माइंडस्पेस संकुलात संगणक व वातानुकूलन यंत्रे वारंवार बिघडू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यांचा संबंध कचऱ्यातून निघणाऱ्या वायूंशी जोडला गेला, कारण हायड्रोजन सल्फाइडने तांबे व चांदी काळवंडून झिजते.

वायूवर पाळत ठेवण्याचे साधन दिसायला साधे असते: कुंपण आणि वस्ती यांच्या मधोमध, कचऱ्याच्या तळापेक्षा खोल बोअर घेऊन तीत सच्छिद्र नळी बसवतात, भोवती खडी भरतात, वरचा भाग पाण्याने फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीने बुजवतात आणि तोंडाशी झडप लावतात. झडप उघडण्यापूर्वी आतला दाब, मग मिथेन, कार्बन डायऑक्साइड व प्राणवायू, शेवटी पाण्याची पातळी असा मोजणीचा क्रम असतो, आणि तो मोडला की नोंद वाया जाते. पाण्याची पातळी विशेष महत्त्वाची, कारण नळीची छिद्रे पाण्याखाली गेली असतील तर यंत्रावर दिसणाऱ्या शून्याला काहीच अर्थ नसतो. खाडीकाठच्या देवनारला भरतीच्या वेळी तसे होऊ शकते. मिथेन अत्यल्प आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर आढळल्यासही निर्धास्त राहू नये, कारण मातीतील जिवाणू वाटेतच मिथेनचे रूपांतर करतात आणि वायू येत असल्याची खूण तेवढी उरते.

घनकचऱ्याविषयीच्या २००० आणि २०१६ च्या नियमांनी क्षेपणभूमीवरील मिथेनवर किमान स्फोटमर्यादेच्या २५ टक्के, म्हणजे हवेच्या १.२५ टक्के, अशी मर्यादा घातली आणि बंद केल्यावरही किमान १५ वर्षे देखभाल सांगितली. मर्यादा योग्यच आहे. पण तीन महिन्यांतून एकदा, कोरड्या दुपारी घेतलेल्या नोंदीने ती पाळली गेल्याचे सिद्ध होत नाही. दाब झपाट्याने उतरतो त्या तासांची नोंद हवी आणि ती कुलाबा व सांताक्रूझ येथील वेधशाळांच्या वायुभाराशी ताडून पाहायला हवी.

देवनारची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतल्यामुळे हा प्रश्न तातडीचा झाला आहे. बायोमायनिंगमध्ये, म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करताना, वायूच्या वाटा बदलतात. म्हणून काम सुरू असताना आणि त्यानंतर किमान एक पूर्ण पावसाळा सलग मोजणी झाल्याशिवाय तेथे पाया खोदला जाऊ नये. कुंपणाला खेटून आजही लोक राहतात, तेव्हा बोअरची पहिली रांग शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या बाजूला घ्यावी व तिच्या नोंदी तेथील रहिवाशांना मराठी व हिंदीत, त्याच आठवड्यात, वाचायला मिळाव्यात, अशी मागणी या परिषदेने महानगरपालिकेकडे ठरावाद्वारे करावी.