सोलंगचा बर्फ



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या फेब्रुवारीत आम्ही मनालीस गेलो होतो. तेथून 13-14 किलोमीटरवर सोलंग आहे. उंची सुमारे अडीच हजार मीटर. वाटेतल्या दुकानांतून कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. माझ्या कोटाच्या बाह्या वीतभर लांब होत्या!

हे आणि मुले पायांना स्की, म्हणजे लांब फळ्या, बांधून घसरायला निघाली. मला म्हणाली, "तू पिशव्या सांभाळ." जत्रेत काय, समुद्रावर काय, पिशव्या नेहमी माझ्याकडेच. तासभर सांभाळल्या. मग त्या एका चहावालीच्या बाकाखाली सरकवल्या, साडी कोटात कोंबली आणि शिकवणाऱ्या मुलाला म्हटले, "मलाही बांध."

फळ्यांची टोके जवळ आणि टाचा लांब केल्या की वेग कमी होतो. तोल गेलाच तर कुशीवर पडायचे. मला पडण्याचे तेवढे लक्षात राहिले! तीनदा पडले. चौथ्या खेपेस वीसेक पावले उभी गेले.

हे धावत आले. "पिशव्या कुठे आहेत?"

मी चहावालीकडे बोट दाखवले आणि आडवी पावले टाकीत पुन्हा चढ चढू लागले.