थंडीतला घरचा वाटा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज मी थंडीतल्या सुखावर बोलणार आहे. हसू नका. या सुखाचाही हिशेब आहे आणि तो आपण कधी मांडलेला नाही.

पावसाची धास्ती संपली, उन्हाळ्याची वणवण अजून दूर आहे. तुरी भरल्या, हरभरा घाट्यावर आला. वर्षात दोन घास निवांत खायचे दिवस हेच. तरी रात्री आपण कुडकुडतो. नांदेडकडे कापूस पिकवणाऱ्या किती घरांत रजई आहे, मोजून पाहा. कापूस मोंढ्यात आणि म्हाताऱ्या आईच्या अंगावर जुन्या लुगड्यांची वाकळ! एका क्विंटल कापसातून साधारण 33-34 किलो रुई निघते. रजईला तीन किलो रुई धरा, म्हणजे नऊ किलो कापूस झाला. नऊ किलोने कर्ज फिटत नाही. पण आईची थंडी बरीच वर्षे भागते. पहिल्या वेचणीचा तेवढा कापूस बाजूला काढा, सरकी काढून पिंजाऱ्याकडे द्या.

दुसरी गोष्ट वेचणीची. भल्या पहाटे दवात बायांना पऱ्हाटीत उभे करू नका. बोटे बधिर होतात, बोंडाच्या टोकांनी चिरतात. आणि भिजका कापूस भाव खातो का? भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे कपात करते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. म्हणजे दव सुकेपर्यंत शेकोटीजवळ बसणे हा आळस नव्हे, तो व्यवहार आहे. मजुरीने आलेल्या बाईलाही त्या शेकोटीजवळ जागा द्या.

तिसरी गोष्ट येळवशीची. मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूरकडे गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, मडक्यात आंबील, पानात भज्जी आणि बाजरीचे उंडे. नांदेडकडे त्याच सुमारास माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. या पानातले सारे कोरडवाहू रानातले आहे. तूर, हरभरा, वाल, तीळ, ज्वारी, बाजरी. आता रानात नुसते सोयाबीन किंवा नुसती पऱ्हाटी असेल, तर कोपीला कडबा आणि भज्जीला शेंगा विकत आणाव्या लागतात. आपलाच सण आपण बाजारातून घ्यायचा!

ज्वारी आपण हौसेने सोडली नाही. रेशनवर गहू-तांदूळ आला, 2023 पासून तर तो फुकट झाला. ज्वारीची राखण, काढणी, मजुरी मात्र आपल्याच अंगावर राहिली. 2023 हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. पण गौरवाने पोट भरत नाही. ज्वारीला खर्च भरून निघेल असा भाव मागत राहू. तोवर घरापुरत्या चार तासी ज्वारी पेरा, त्यात दोन ओळी हुरड्याच्या गुळभेंडीच्या. पौषात आगटी पेटवा, गरम कणसे तळहातावर चोळा, लसणाच्या चटणीशी खा. उरलेला कडबा बैल खातील.

शेवटचे बोलणे भावांना. येळवशीला आपण कोपीत पाय पसरतो. घरची बाई मात्र रात्री दोनला उठून चुलीपुढे बसते, आणि डोक्यावर आंबिलीचे मडके घेऊन रानात येते. यंदा मडके तुम्ही उचला. भाकरी थापायला बसा, निदान भांडी तरी घासा. तिला उन्हात बसून पहिला घास खाऊ द्या.

सगळे पीक मोंढ्यात नेऊन रिकाम्या हाताने घरी येणे, यालाच आपण शेती समजत आलो. यंदा घरचा वाटा आधी काढा आणि मग गाडी जुंपा.