टकळीची चकती

मुरबाडहून वैशाखऱ्याच्या रस्त्याने नाणेघाटाकडे जात असता एका पाड्यावर एक पोर आपली खेळण्यातली गाडी सुतळीने ओढीत चालले होते. तिची तीन चाके लाकडाची, चौथे मात्र भाजलेल्या मातीचे, आणि ते नांगराच्या तासात सापडले असे त्याच्या आजाने सांगितले. मी ते मागून घेतले. फुटक्या मडक्याची खापरी घासून वाटोळी केलेली, जुन्या रुपयाहून किंचित मोठी, वजनाने अदमासे दोन तोळे. मधोमध दोन्ही बाजूंनी कोरीत आणल्यामुळे पोटात चिंचोळे झालेले छिद्र. उत्खननाच्या अहवालांत अशा चकतीची नोंद कधी खेळण्याचे चाक, कधी जाळ्याचे वजन, तर कधी टकळीची चकती अशी, बरीचशी लेखकाच्या कलाप्रमाणे, होते. नभोवाणीवर बोलणाऱ्याने टकळी हा शब्द जपूनच वापरावा; तरी छिद्र नेमके मध्यावर असेल, तर ती टकळीचीच मानण्याकडे माझा ओढा आहे.

कातणारीचे बाकी सर्व साहित्य नाशवंत. काडी कुजते, सूत त्याहून आधी. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या गळ्यातील मण्यांत दोऱ्याचा अवशेष मिळाला, तो तांब्याच्या गंजाने राखला म्हणून. उरते ती चकती, आणि तिचे वजन बोलके असते: हलकी असेल तर सूत तलम, जड असेल तर जाडेभरडे किंवा लोकरीचे. वय मात्र, थरातून सुटून नांगराच्या फाळाला लागलेली वस्तू सांगत नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाणे बंदराच्या निर्यातीत कापड व कापूस गणले आहेत. मालाची मोजदाद करणारे, जकात वसूल करणारे पुष्कळ. कातणारणीचे नाव कोण लिहिणार? पुढे १३५० मध्ये बहमनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या इसामीने, रझिया सुलतानेला दूषण देताना, बाईमाणसाने चरख्यापाशी बसावे असा शेरा मारला, आणि हिंदुस्थानातील चरख्याचा आद्य लेखी उल्लेख म्हणून इतिहासकार दाखवितात तो हाच! दप्तरात तिला जागा मिळाली ती अशी, दुसरीला दटावताना.

आजाने कुडाची काडी मोडून दिली. मी ती छिद्रात बसवून ओटीवर फिरविली. कडेचा टवका उडालेला असूनही चकती न डळमळता बराच वेळ फिरली. पोर एवढा वेळ गाडीची चौथी बाजू हाताने तोलून धरून उभे होते. मी काडी काढून त्याचे चाक त्याला परत दिले.