पोटगी : शब्दाचा अर्थ आणि स्त्रीचा हक्क



‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ या शब्दापासून झालेला आहे, हे आपण जाणताच. इंग्रजी कायद्यातील ‘अ‍ॅलिमनी’ या शब्दाचे मूळही लॅटिनमधील ‘पोसणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. शब्द पोटाचा, म्हणून पोटगी म्हणजे नवऱ्याने दयेने टाकलेला तुकडा, अशी समजूत समाजात रूढ झाली. कायद्याला ती मान्य नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार या सर्वांचा समावेश केला आहे.

आता कोणी विचारील की, कायदा हिंदूंचा. मग आपण बौद्ध झालो, आपल्या स्त्रियांचे काय? या कायद्याचे कलम १८ सांगते की, धर्मांतर करून पत्नी हिंदू राहिली नाही, तर तिचा हक्क जातो. एवढेच वाक्य दाखवून एखादा नवरा आपल्या पत्नीस भिवविण्याचा संभव आहे. त्याला कलम २ वाचावयास सांगा. हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे आणि त्यातील ‘हिंदू’ या संज्ञेत त्यांचाही अंतर्भाव होतो. अर्थात धम्मदीक्षा घेतल्याने या कायद्याखालील निर्वाहाचा हक्क नष्ट होत नाही.

दुसराही मार्ग आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. येथे धर्माचा प्रश्नच येत नाही. पतीची ऐपत असूनही तो सांभाळीत नाही आणि पत्नीस स्वतःचा चरितार्थ चालविता येत नाही, एवढे सिद्ध झाले पाहिजे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही अर्ज करू शकते. पूर्वी महिना ५०० रुपयांची मर्यादा होती. २००१ साली ती काढून टाकण्यात आली. स्त्री जेथे राहते, तेथील न्यायालयातही अर्ज देता येतो.

मात्र विलंब करू नका. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले आहे. म्हणून लोकलज्जेपायी घरी बसून काढलेला प्रत्येक महिना तुमच्या हक्कातून वजा होतो. आपली लेक वा भगिनी टाकली गेली असेल, तर तिला नशिबावर सोडू नका. तिच्यासोबत न्यायालयाची पायरी चढा. तेथे ती याचक म्हणून जात नाही. आपले न्याय्य देणे मागावयास जाते.