तोंडी परीक्षा आणि गट



साहित्य शिकवणाऱ्या बाईने समूह-समुपदेशनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण महाविद्यालयात हे काम कुणाच्या तरी वाट्याला येतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. मध्यप्रदेशात स्वामी विवेकानंद करिअर मार्गदर्शन योजनाही आहे. कागद होते, मला अनुभव नव्हता.

पहिल्या बैठकीत मी पंधरा मुले गोल बसवली आणि एकेकाला उभे करून हिंदीत विचारले, पुढे काय व्हायचे आहे? निम्मी कलेक्टर होणार होती. यंत्रमागावर काम करणाऱ्याची एक मुलगी नुसती उभी राहिली. मी थोडी थांबले, मग तिला बसायला सांगून पुढे सरकले. पुढच्या बैठकीला ती आली नाही. महिन्याभराने वर्गातही दिसेना. माझ्या प्रश्नामुळेच तिने कॉलेज सोडले, असे मी म्हणत नाही. पण मी भरवला तो गट नव्हता, ती तोंडी परीक्षा होती.

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनमध्ये व्यवसाय-मार्गदर्शन सुरू केले, तेव्हाचे सूत्र सोपे होते: माणूस ओळखा, काम ओळखा, दोन्ही जुळवा. मार्क सॅविकस अलीकडचे. काम बदलत राहणार हे धरून ते पुढचा विचार, निर्णयावरचा ताबा, कुतूहल आणि आत्मविश्वास या चार गोष्टी पाहतात. आमच्या बऱ्हाणपूरला हे दुसरे जास्त लागू पडते. नेपानगरचा कागद कारखाना १९५६ मध्ये नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला; तिथे चिकटलेल्याला पुढचे विचारायची गरज नव्हती. आजच्या मुलासमोर माग आहे, केळीची बाग आहे, आणि २०२१ पासून प्रवेशाच्या वेळीच मेजर, मायनर, व्यावसायिक विषय निवडायचा आहे. बापाने हे शब्द ऐकलेले नसतात. खरे सांगायचे तर आम्हा प्राध्यापकांनाही ते पहिल्या वर्षी धड कळले नव्हते.

आता मी आठच मुले घेते. कुणी उभे राहत नाही. घरी काय काम चालते आणि त्यातले तुला काय येते, एवढे विचारते. भाषा ज्याची त्याची. एक मुलगा घरच्या बोलीत म्हणाला, केळीचा घड नुसता उचलून मी वजन सांगतो. त्यावर कांडी भरणारी मुलगी उर्दूत बोलू लागली. मग कुणीतरी हळूच म्हणाले की वर्गात काहीच समजत नाही, आणि तिघांच्या तोंडून एकदम निघाले, “मलाही.” आयर्विन यालोम गटाचा हाच गुण सांगतात: आपण एकटे नाही, हे तिथे कळते. एकेकट्याला केबिनमध्ये बोलावून ते कळले नसते.

पूर्वी मी अशा मुलांची मराठी दुरुस्त करत असे. पीएच.डी.ची खोड म्हणा. दुरुस्त केलेले मूल पुन्हा बोलत नाही, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली.

यंदा त्या मुलीचा धाकटा भाऊ पहिल्या वर्षाला आला आहे. ती घरी कांड्या भरते, असे त्याने सांगितले. स्वाध्यायी परीक्षेचा अर्ज मी त्याच्याच हाती पाठवला आहे. अजून तो परत आलेला नाही.